तारबाबूंची तिसरी ओळ

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला ऑफिसातून बाहेर काढलं, आणि तेही शीळ घातली म्हणून.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. जवळच्या मुर्री गावाहून पायी चालत गोंदिया स्टेशनात आलो होतो. अंगात लग्नातला कोट, खिशात नेमणुकीचा कागद. रेल्वेच्या तारऑफिसात उमेदवारी मिळाली होती आणि आनंद पोटात मावत नव्हता. टेबलाशी एक वाळका, मोठ्या कानांचा माणूस तारेच्या यंत्रावर बोट ठेवून बसला होता. मी नमस्कार केला, त्यांनी मान वर केली नाही. मग खिडकीतून यार्डातली इंजिनं बघत उभा राहिलो आणि नकळत शीळ घातली.

"लाईन बिझी आहे. बाहेर जा."

कोणाला म्हणाले ते मला कळेना. दारातल्या हमालानं माझी बाही धरून ओढली. "तुलेच म्हनून राहिले बे. चाल." दोन तास मी नळाजवळ उन्हात उभा होतो. नेमणुकीच्या दिवशी! असल्या माणसाच्या हाताखाली शिकण्यापेक्षा घरी जाऊन धानाच्या बांधीत राबलेलं बरं, असं माझ्या मनात आलं.

गेलो मात्र नाही. साडेचार वर्षं त्याच माणसाच्या हाताखाली काढली, आणि त्या साडेचार वर्षांत त्यांनी मला जितके धक्के दिले तितके पुढच्या उभ्या आयुष्यानं दिले नाहीत. सारं स्टेशन त्यांना तारबाबू म्हणायचं. मी बाबूजी म्हणायचो.

त्यांच्या ऑफिसात गुणगुणायला बंदी होती. शीळ नाही, टेबलावर बोटांनी ठेका नाही, पायानं ताल नाही. होळीला बाहेर फाग चालला तर हे खिडकी लावून घेत. लग्नाची वाजंत्री रस्त्यानं गेली की कानात कापूस. एवढा संगीताचा द्वेष करणारा माणूस मी पाहिला नव्हता. हमाल म्हणायचा, "मागच्या जनमी ढोल होता तो. लयच मार खाल्लान."

आणि कान मात्र असा की विचारू नका. तारेचं यंत्र कडकट्ट करी आणि हे डोळे मिटून सांगत, "हा दुर्गचा बाबू. आज याचं पोट बरं नाही." प्रत्येक माणसाचा हात निराळा वाजतो, हे मला त्यांनीच शिकवलं. एकदा डोंगरगडहून साधी मालगाडीची तार येत होती. हे एकदम म्हणाले, "याच्या घरी कोनी गेलं." मला वाटलं, म्हातारं काहीतरीच बोलतं. दोन दिवसांनी कळलं, त्या बाबूचा भाऊ वारला होता.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "बिघडली. परत." तारेतलं एक अक्षर जरी संशयाचं आलं तरी ते मजकूर घ्यायचे नाहीत. पलीकडच्याला तीच तार पुन्हा पाठवायला लावायचे. अंदाजानं अक्षर भरणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी होती. हे वाक्य यंत्रापुरतं असतं तर हरकत नव्हती. पण चाय पातळ झाली की कप परत, "बिघडली. परत." न्हाव्यानं घाईत दाढी केली, "बिघडली. परत." स्टेशनमास्तरांकडे सत्यनारायणाला भटजींनी कथेतल्या दोन ओळी गाळल्या, तर भरल्या घरात यांचा आवाज आला, "बिघडली. परत." भटजींनी अख्खा अध्याय पुन्हा वाचला. प्रसाद थंड झाला आणि मास्तरीणबाई पुढं महिनाभर यांच्याशी बोलल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट. पस्तीस वर्षं रेल्वेत काढलेला हा माणूस रेल्वेत बसत नसे. पास मिळे, मुदत संपे, कागद खणात पडून राही. बदलीचा हुकूम आला की अर्ज करकरून रद्द करवून घेत. मी एकदा हमालाला विचारलं, "बाबूजी गाडीत काऊन नाई बसत?"

त्यानं विडी विझवली. "त्यायले इचारू नोको," म्हणाला, आणि उठून गेला.

दुसरी लढाई पेटली तशा फौजेच्या गाड्या गोंदियावरून जाऊ लागल्या. इंजिनाला पाणी घ्यायला गाडी पंचवीसेक मिनिटं थांबायची. गोरे शिपाई आम्हाला नवे नव्हते. पण एका दुपारी अमेरिकेचे काळे शिपाई भरून एक गाडी आली आणि फलाटावर माणसं तोंडं उघडी टाकून उभी राहिली. लपवण्यात अर्थ नाही, मीही खिडकीतून बघतच होतो. एका डब्याच्या दारात एक शिपाई पाय खाली सोडून बसला होता. मांडीवर गिटार, आणि डाव्या हाताच्या बोटात बाटलीचं तोडलेलं तोंड. ती काच तो तारांवरून घसरवायचा आणि तार बोलायची. जात्यावर बसलेली बाई दळता दळता स्वतःशीच बोलते ना, तसा तो आवाज होता.

मी बाबूजींकडे पाहिलं. आता खिडकी लावायला सांगतील म्हणून उठलोही.

बाबूजी खुर्चीत नव्हते.

यंत्र कडकटत होतं, पलीकडून हाक येत होती, आणि तारबाबू जागेवर नव्हते! कशीबशी यंत्राची ठोके द्यायची किल्ली धरली, हाकेला उत्तर दिलं आणि एक डोळा खिडकीबाहेर ठेवला. ते अनवाणी, दाराखाली, त्या शिपायाच्या गुडघ्याशी उभे होते. शिपाई एक ओळ गायला. तीच पुन्हा गायला. मग तिसरी. बाबूजींनी दोन्ही हात पुढे केले, आणि त्या भल्या माणसानं गिटार त्यांच्या हातात दिली.

आणि त्यांनी वाजवली. अडखळत, खरडत, चुकत. पण वाजवली! दोन ओळी. तिसरीवर हात थांबला. इंग्रजीत काही विचारलं, शिपाई हसला आणि काहीतरी गायला. शिटी झाली. गाडी हलली तसे बाबूजी गाडीबरोबर चालत होते आणि तारेच्या कोऱ्या फॉर्मवर पेन्सिलीनं लिहून घेत होते. फलाट संपला तिथं थांबले.

आत आले आणि डायरी ओढून स्वतःच्या हातानं लिहिलं, "तारबाबू बारा मिनिटं जागेवर नव्हते." खाली सही केली.

"बाबूजी," मी म्हटलं, "हे काय होतं?"

"लाईन बिझी आहे," ते म्हणाले. पण मला बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला क्वार्टरवर बोलावलं. खाटेखालून पोतं ओढलं. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात गुंडाळलेली एक गिटार निघाली. पोट तडकलेलं, तारा गंजून तुटलेल्या. पोत्याच्या तळाशी पोस्टकार्डांचा एक गठ्ठा होता. मी हात लावणार तोच त्यांनी तो उचलून फळीवर ठेवला.

मग थोडंफार सांगितलं. तरुणपणी शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लोइंडियन ड्रायव्हर राहायचा. तो कलकत्त्याच्या गोदीत एका अमेरिकन जहाजावरच्या काळ्या खलाशाकडून हे वाजवायला शिकला होता. ब्लूज म्हणतात याला. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. ड्रायव्हरनं दोन ओळी शिकवल्या. तिसरी दुसऱ्या दिवशी शिकवायची ठरली होती.

"मंग शिकले काऊन नाई?"

"राहून गेली," ते म्हणाले.

त्रेपन्नाव्या वर्षी त्या माणसानं पुन्हा श्रीगणेशा केला. लोहाराकडून पोटाला पत्रा मारून घेतला, मिस्त्रीकडून बारीक पोलादी तार आणली, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं तोंड पाट्यावर घासून बोटात घातलं. बोटं फुटली की तुरटीच्या पाण्यात बुडवून बसायचे. सुट्टीच्या दुपारी मालधक्क्यामागे बसून तास तास दोनच ओळी. "उजवा हात पस्तीस वर्षांचा नोकर आहे," म्हणायचे, "डाव्याले आता शाळेत घालून राहिलो." स्टेशनातले लोक हसत, आणि मी लाजेनं अर्धा होई. ज्यानं मला शीळ घातली म्हणून दोन तास उन्हात ठेवलं तोच हा!

पण खरा हादरा पुढंच होता. एक दिवस दुर्गहून तार आली, "भोपळा चार." मी फॉर्म हातात घेऊन बसलो. ही कसली तार? बाबूजी घड्याळ बघत उठले. फौजेची गाडी आली, चौथ्या डब्यात गिटारवाला शिपाई होता, आणि बाबूजी आधीच त्या डब्यासमोर उभे! लाईनवरचे सगळे बाबू फितवले होते त्यांनी. गाडीत गिटार दिसली की तिला भोपळा म्हणून, डबा मोजून तार करायची. लढाईचे दिवस, फौजेच्या गाडीबद्दल चकार शब्द बाहेर काढला तर नोकरी जाईल, तुरुंग होईल. आणि हे करणारा कोण, तर अंदाजानं एक अक्षर न भरणारा! पुढं इन्स्पेक्टर आला, त्यानं विचारलं, या लाईनवर एवढे भोपळे कुठून येतात? बाबूजी शांतपणे म्हणाले, "साहेब, यंदा पीक चांगलं आहे."

असे सतरा शिपाई त्यांनी गाठले. प्रत्येकाला पहिल्या दोन ओळी वाजवून दाखवायच्या आणि तिसरी मागायची. प्रत्येकानं दिली. सतरा फॉर्म भरले.

सतराही ओळी निराळ्या होत्या.

कोणाच्या ओळीत गाडी होती, कोणाच्यात नदी, कोणाच्यात सोडून गेलेली बाई. एकानं तर कोंबडीवर काहीतरी म्हटलं आणि सगळा डबा हसला. बाबूजी फॉर्म टेबलावर मांडून बसत. त्यांचं एक पक्कं होतं. मूळ ओळ एकच असणार. ती तोंडातून तोंडात जाता जाता बिघडली. तार बिघडते तशी. कुठंतरी एक माणूस असेल ज्याच्याकडे ती बरोबर असेल.

"सतरा आल्या, सतराही बिघडलेल्या!" ते ओरडले. "एकाले नीट पाठवता येत नाई?"

अठराव्या शिपायाचे केस पिकले होते. त्यानं बाबूजींच्या दोन ओळी डोळे मिटून ऐकल्या. बाबूजी म्हणाले, तिसरी द्या, आणि बरोबर द्या. मी जवळच उभा होतो. शिपाई म्हणाला, "साहेब, पहिल्या दोन ओळींत माणूस आपलं दुखणं सांगतो. तिसरी त्याचं उत्तर. तुमचं दुखणं मला कुठं ठाऊक आहे? माझं उत्तर घेऊन तुम्ही काय करणार?"

बाबूजींनी पेन्सिल खिशात घातली. त्या दिवशी फॉर्म कोराच राहिला. ऑफिसात येऊन किल्लीवर बसले आणि पहिल्याच तारेत अक्षर चुकले. पलीकडून विचारणा आली. मी ते पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी किल्ली माझ्याकडे सरकवली, आणि भिंतीकडे तोंड करून बोलू लागले.

"बायको पहिल्या बाळंतपनाले माहेरी गेली होती. छोट्या लाईनीवर. दुपारच्याले गाडी नसे, म्हनून मी ड्रायव्हरच्या ओट्यावर गेलो वाजवाले. अर्धा घंटा म्हनून गेलो, अन संध्याकाळ कवा झाली कळलं नाई. इकडे यंत्र वाजून राहिलं होतं. तिकडच्या बाबूनं मंग सांगितलं, चाळीस डाव हाक दिली म्हने. इथं कोनी नाई. मी आलो, तार घेतली, तं ती माझ्याच नावाची. निघून या. बाहेर पाहिलं, छोट्या लाईनीची गाडी सुटून गेली होती. दिवसाची एकच गाडी."

"मंग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी गाडीच्या आधी दुसरी तार आली. सरली ती."

मी पलीकडच्याला चुकलेलं अक्षर पुन्हा पाठवलं.

"अन मूल?" मी मग विचारलं.

"पोरगी. जगली. मामानं वाढवली. गावातल्या गावात दिली तिले."

"तुम्ही पाहिली कवा तिले?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी हबकलो. मग माझं डोकं फिरलं. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. सव्वीस वर्षं! चार घंट्यांच्या रस्त्यावर पोटची पोर, तिचं बारसं झालं, लग्न झालं, आणि हा माणूस इथं बसून लोकांच्या तारांतली अक्षरं तपासत होता! मी वडिलधाऱ्यांपुढं आवाज चढवणारा नव्हे, पण त्या दिवशी चढवला. म्हटलं, "बाबूजी, आमची एक मात्रा चुकली तं परत, परत करता. अन तुम्ही? मामानं बोलावलं नाई का?"

"दर दिवाळीले कार्ड येते. पोरगी बरी आहे. येऊन जा."

पोत्यातला तो गठ्ठा माझ्या डोळ्यांपुढं आला.

"मंग काऊन नाई गेले?"

"जाऊन काय सांगू?" ते म्हणाले. "मले दोनच ओळी येतेत."

मला रागही आला आणि रडूही. मी किल्लीवर बसलो आणि काम करू लागलो.

पंचावन्नाव्या वर्षी त्यांची नोकरी संपली. हार घालायला स्टेशनमास्तर आले, मास्तरीणबाईंनी जुना राग विसरून लाडू पाठवले. सगळे गेल्यावर बाबूजींनी खणातून शेवटचा पास काढला. "तू चाल संग," म्हणाले. "मी तिकडून परत फिरलो तं मले पकडाले कोनी पायजे."

"तार करू का? येऊन राहिले म्हनून?"

"नोको," ते म्हणाले.

छोट्या लाईनीच्या, अरुंद रुळांच्या गाडीच्या डब्यात त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला आणि चारही तास सोडला नाही. गिटार माझ्या मांडीवर होती. बाहेर धान कापून झालं होतं, बांध्या उघड्या पडल्या होत्या, लहान तळ्यांसारख्या बोड्यांत पाणी चमकत होतं. डब्यातल्या बायांनी विचारलं, हे कोनतं वाजा? मी म्हटलं, भोपळा. बाबूजी हसले नाहीत.

गावात पोचलो. पोरीचा मामा आता म्हातारा झाला होता. अंगणात बसून सिंदीच्या पानांचा झाडू बांधत होता. त्यानं बाबूजींकडे पाहिलं, झाडू खाली ठेवला, आणि उठून चालू लागला. आम्ही मागं. चार घरं सोडून एका अंगणापुढं तो थांबला. एक बाई सुपानं धान पाखडत होती.

"पाह्य वं," मामा म्हणाला, "कोन आला तं."

तिनं पाहिलं. तिचे कान मोठे होते, बाबूजींसारखेच. हातातलं सूप तसंच राहिलं. ती रडली नाही, धावली नाही, पाया पडली नाही. नुसती बघत राहिली. मला वाटलं, आता ही सूप फेकून मारणार, आणि मारलं तर मी मधे पडणार नाही.

बाबूजींनी माझ्याकडून गिटार घेतली, दाराबाहेरच्या दगडावर बसले, औषधाच्या बाटलीची ती काच बोटात घातली. आणि मग ते गायले. इंग्रजी नाही. मी त्यांना गाताना पहिल्यांदाच ऐकत होतो, फाटक्या, जाड आवाजात.

"तार वाजून राहिली, कोनी नाई घरी."

काच तारांवरून घसरली. शेजारच्या घरातून माणसं बाहेर आली.

"तार वाजून राहिली, कोनी नाई घरी."

आणि हात थांबला. बोटं तिसऱ्या ओळीसाठी तारांवर चाचपडत होती आणि तिथं काहीच नव्हतं. ते खाली मान घालून बसले. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या, काहीही म्हण, कोंबडीचं म्हण, पण म्हण.

तिनं सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले.

"आता तं आले ना?" ती म्हणाली. "मंग बाहेर काऊन बसले? भात झाला आहे. आत या."

बाबूजींनी मान वर केली. यंत्र वाजायला लागलं की त्यांचे कान जसे टवकारायचे तसे टवकारले होते. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"परत," ते म्हणाले.

बिघडली म्हणाले नाहीत. नुसतं परत.

ती दाराशी जाऊन वाट देत बाजूला झाली. "आत या म्हटलं ना, बाबा."